हत्यारांची ईद

ज्या देशात आपणहून गवताची काडी उगवत नाही, त्या देशात मी उमेदीची वर्षं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. हे गावी कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, "मग तिथे ते गवत खातं कोण?" कुणीच खात नाही. पाणी विकत घेऊन ते वाढवायचं, वाढलं की यंत्राने कापायचं, कापलेलं पिशव्यांत भरून कचऱ्यात टाकायचं आणि पुन्हा पाणी सोडायचं. या उद्योगावर माझ्या घरची चूल पेटली आणि मुलांची शिक्षणं झाली, तेव्हा मी तरी त्या गवताला नावं ठेवणार नाही.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कासिमभाईंचं वर्कशॉप होतं. कागदोपत्री मालक एक अरबी गृहस्थ. त्यांना सगळे अरबाब म्हणायचे आणि ते वर्षाकाठी एकदा चहाला यायचे. खरा कारभार कासिमभाईंचा. ते खेडकडचे, म्हणजे आमच्याच कोकणातले, आणि रागावले की अस्सल कोकणीत रागावायचे. तिथे मी होतो आणि माझ्याबरोबर संगमेश्वरचा सुर्वे होता. सुर्वे अंगाने दणकट, बोलायला फटकळ, आणि एकदा खांदा लावला की काम होईपर्यंत न काढणारा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका मॅडमचं मशीन सुरू होत नाही म्हणून गेलो, तर गवत साठायच्या पेटीत मांजर व्यालेली. पिल्लं चालायला लागेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असा हुकूम झाला, आणि तोवर तिथलं गवत गुडघ्याला लागलं. एका साहेबांना स्वतःची हिरवळ शेजाऱ्याच्या हिरवळीपेक्षा बोटभर बुटकी हवी असायची. शेजारीही आमचंच गिऱ्हाईक. त्यालाही तेच हवं होतं. दोघांची हिरवळ उन्हाळ्यात करपली तेव्हा दोघांनीही दोष आमच्या पात्यांना दिला.

पण मला सांगायची आहे ती अबू राशिदांच्या ट्रॅक्टरची गोष्ट. ती कळायला थोडं यंत्राविषयी सांगावं लागेल.

मोठ्या बागेत वर बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर असतो, पोटाखाली गवत कापायची पाती असलेला. साध्या ट्रॅक्टरला गिअर असतात. बंद पडला तर न्यूट्रलला टाका, माणसं लावा आणि ढकला. जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरांत मात्र एक जात होती, तिला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. तिला असे गिअरच नाहीत. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल दाबतो आणि ते दाबलेलं तेल मागची चाकं फिरवतं. चालवायला एकदम सोपं. एक दांडी पुढे केली की पुढे, मागे केली की मागे. पण इंजिन बंद पडलं की तेल आहे तिथे थांबतं, आणि तेल थांबलं की चाकंही थांबतात. ब्रेक लावलेला नसतो, काही मोडलेलं नसतं, तरी पैलवान लावले तरी ते धूड हलत नाही.

यावरचा उपाय बनवणाऱ्यानेच करून ठेवलेला असतो. पंपाच्या डोक्यावर दोन छोटी बटणं असतात. दोन्ही एकदम दाबून धरली की तेलाला आतल्या आत फिरायला वाट मिळते आणि चाकं मोकळी होतात. नंतरच्या मॉडेलांत त्यासाठी वेगळी दांडी आली, एकदा ओढून ठेवली की झालं. जुन्यांत मात्र ढकलणं संपेपर्यंत कुणीतरी ती दाबून धरायची. तेही माणसाच्या चालीने न्यायचं आणि लांब न्यायचं नाही, कारण इंजिन बंद असताना पंपाला तेल पुरत नाही.

हे माहीत नसलं की काय होतं ते मी एका हॉटेलात पाहिलं होतं. तिथला असाच ट्रॅक्टर बंद पडला तर लोकांनी तो जीपला बांधून ओढला. आखातात हा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज: यल्ला, म्हणजे चला, दोर बांध आणि ओढ. चाकं फिरेनात. फरशीवर दोन काळे पट्टे उमटले. मग ड्रायव्हरने जीप मागे घेऊन हिसका दिला, तशी चाकं फिरली, पण तोवर आतला पंप तडकला होता. कासिमभाईंनी तो उघडून पाहिला आणि "खलास" एवढंच म्हणाले. इंजिन एक वेळ दुसरं बसवता येतं, पण त्या जुन्या मॉडेलचा पंप कुठे मिळेना. चांगला ट्रॅक्टर भंगारात गेला आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आता दसऱ्याविषयी. परदेशात सण कामाच्या दिवशी येतात आणि कामातच निघून जातात. आमचा गणपती खोलीतल्या कपाटावर व्हायचा आणि दिवाळी फोनवर. दसरा मात्र मी आणि सुर्वेने सोडला नव्हता. माझे वडील गावच्या भातगिरणीचं इंजिन सांभाळायचे. दसऱ्याला पाने, पकडी, हातोड्या घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून हलवेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचे नाहीत. गिरणीपुढे भात घेऊन माणूस उभा राहिला तरी नाही. मी काही फार देवभोळा नाही. पण घर सोडल्यापासून एकेक गोष्ट हातातून निसटत गेली होती, आणि ही एक तरी निसटू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही वर्कशॉपच्या कोपऱ्यात आमचेच पाने मांडले. कासिमभाई लांबून बघत होते. मग आपली पेटी उचलून घेऊन आले.

"विनायक, माझी पण ठेव रे."

"तुमची, कासिमभाई?"

"तीही वर्षभर राबतात. त्यांनी काय घोडं मारलंय?"

तेव्हापासून पूजेत दरवर्षी भर पडत गेली. झेंडू कासिमभाई स्वतः बर दुबईहून आणायचे, देवळाजवळच्या फुलवाल्याकडून, आणि फुलं शिळी निघाली तर त्याच्याशी भांडून यायचे. होता होता वर्कशॉपमधली झाडून सगळी हत्यारं पाटावर जाऊ लागली. व्हॅनमधली पेटी, जॅक, साखळी-कप्पी, अगदी काउंटरच्या खणातला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा. त्या दिवशी आम्ही फक्त मशीनं उतरवून घ्यायचो आणि श्रीखंड खायचो.

त्या वर्षी पूजा नुकतीच आटोपली होती. मी पेढा तोंडात टाकतोय तोच फोन आला. पलीकडे राशिद होता.

अबू राशिद म्हणजे राशिदचे वडील. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच मुलाच्या नावाने हाक मारतात. म्हातारे आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या बागेतला पाण्याचा पंप मीच बघायचो. तरुणपणी ते मुंबईला जाऊन-येऊन असत, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. शारजाच्या जुन्या वस्तीत त्यांचं बैठं घर होतं, मागे बाग आणि बागेच्या टोकाला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये एक जुना हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर होता. इंजिन कित्येक वर्षं जाम. चहा पिताना एकदा त्यांनीच सांगितलं होतं की त्यांची पहिली नोकरी एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर माळीकामाची. साहेबाने जहाजातून हा ट्रॅक्टर आणवला आणि यांना चालवायला शिकवलं. साहेब मायदेशी गेला तेव्हा ट्रॅक्टर यांना देऊन गेला. पुढे त्यांनी ट्रक घेतले, दुकानं काढली, इमारती बांधल्या. पण दर शुक्रवारी नमाजाआधी स्वतःची हिरवळ ते स्वतः कापायचे, माळ्याला कापू द्यायचे नाहीत. इंजिन जाम झालं, पाठोपाठ त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ते थांबलं.

फोनवर राशिद म्हणाला, "उस्ताद, प्लीज जल्दी आओ. माय फादर इज नॉट लिसनिंग. घर खाली करना है आज, कल कॉन्ट्रॅक्टर तोड़ने आएगा. वो सुबह से ट्रॅक्टर पे बैठा है. बोलता है, ये नहीं जाएगा तो मैं भी नहीं जाएगा."

रस्ता रुंद होणार होता आणि घर त्यात जाणार होतं, हे मला ठाऊक होतं. आजच शेवटचा दिवस हे ठाऊक नव्हतं. मी पाटावरच्या हत्यारांकडे पाहिलं. सुर्वेनेही पाहिलं.

"हत्यारं उचलायची नाहीत हां, विन्या," तो म्हणाला.

"कोण उचलतंय? नुसतं बघून येऊ."

"बघून येऊ म्हणतोस आणि करून येतोस तू. मला माहितीये."

 कासिमभाईंनी व्हॅनची किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला पडू देऊ नका."

आम्ही पोहोचलो तेव्हा घर रिकामं झालं होतं. बागेचं पाणी आधीच तोडलेलं, हिरवळ पिवळी पडलेली. भिंतीजवळ टाकून द्यायच्या सामानाचा ढीग. अबू राशिद पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्यात, काठी मांडीवर आडवी घेऊन ट्रॅक्टरच्या सीटवर बसले होते आणि समोर बघत होते. राशिद शेडच्या बाहेर येरझाऱ्या घालत होता. गेटापाशी गाड्या उचलून नेणारा रिकव्हरीचा ट्रक उभा होता आणि त्याचा पठाण ड्रायव्हर गुलखान दोरखंड घेऊन पुढच्या ॲक्सलला गाठ मारत होता. दोराचं दुसरं टोक ट्रकला.

मी धावत जाऊन दोर धरला. "खोलो भाई, खोलो."

"क्यों? दो मिनट का काम है. बाबा उतरेगा, मैं खींच लेगा."

"चक्का नहीं घूमेगा. अंदर का पंप टूट जाएगा."

"इंजन तो पहले से मरा हुआ है."

"इंजन मरा है, बाकी सब ज़िंदा है," मी म्हणालो. गुलखानाला पटलं नाही, पण त्याने गाठ सोडली.

राशिद जवळ आला. तो वाईट माणूस नव्हता. दुबईत मोठा पसारा सांभाळणारा, घाईत असलेला माणूस. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की क्रेन बोलावली होती, पण वरून विजेच्या तारा जातात म्हणून क्रेनवाला परत गेला. नवा ट्रॅक्टर घेऊन देतो म्हटलं तर वडील बोलतच नाहीत. "सायंकाळपर्यंत चावी द्यायची आहे," तो हिंदीत म्हणाला, "आणि मी माझ्या वडिलांना उचलून बाहेर काढू शकत नाही. सगळ्या नोकरांसमोर नाही." 

मी म्हाताऱ्यांना सलाम केला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"औजार किधर है?"

आता काय सांगणार? खोटं बोलावंसं वाटेना. मी सांगितलं की आज आमचा सण आहे. वर्षभर हत्यारं आमच्यासाठी राबतात, आज आम्ही त्यांची पूजा करतो आणि त्यांना आराम देतो. उद्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाही. राशिदने कपाळावर हात मारून घेतला. म्हाताऱ्यांनी मांडीवरची काठी उभी केली.

"मतलब, आज तुम्हारे औजार का ईद है?"

"हां, बाबा. वैसा ही."

"तो सोने दो उनको," ते म्हणाले. "हाथ तो है ना? हाथ का ईद नहीं है?"

"नहीं, हाथ का नहीं है."

"खलास. हाथ से करो."

त्या क्षणी मला वाटलं की हा ट्रॅक्टर आज इथून बाहेर काढायचा, आणि धड बाहेर काढायचा. परत जाऊन एक स्क्रू ड्रायव्हर आणला असता तर माझे वडील काही स्वर्गातून खाली आले नसते. पण एक हट्टी माणूस सीटवर बसला होता, आणि त्याने माझ्या हट्टाला मान दिला होता.

बटणांवरचा पत्रा सीटच्या पुढ्यात होता, बसणाऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये. त्याला चार कोपऱ्यांना जुन्या पद्धतीचे, डोक्यावर सरळ खाच असलेले स्क्रू. गुलखानाकडे काही आहे का पाहिलं, तर टायर खोलायचा भलामोठा पाना आणि दोर. बाकी दुनिया त्याला लागत नव्हती. मी खिशातून एक दिरहमचं नाणं काढलं आणि खाचेत घातलं. ते बरोबर बसलं.

"हे हत्यारात मोडतं का रे?" सुर्वेने विचारलं.

"नाण्याची पूजा लक्ष्मीपूजनाला. आज त्याला सुट्टी नाही."

सुर्वेचं समाधान झालं. नाणं बोटांना चावत होतं. बोटांवर फडकं गुंडाळून तीन स्क्रू निघाले, चौथा काही केल्या हलेना. नाणं वाकलं पण तो जागचा फिरला नाही. मी घामाघूम. मग गुलखान खाली वाकला, मला कोपराने बाजूला सारलं आणि पत्र्याचं मोकळं टोक दोन्ही पंजांत धरून चौथ्या स्क्रूभोवती अख्खा पत्रा कपाटाच्या दारासारखा फिरवला. खाली पंप दिसला. धूळ होती, पण तेल गळलेलं नव्हतं. दोन्ही बटणं शाबूत होती. मी बोटाने दाबून पाहिली. घट्ट होती, पण आत गेली आणि वर आली. मला इतका आनंद झाला की मी गुलखानाच्या पाठीवर थाप मारली.

पहिला प्रयोग सुर्वेचा. तो बाजूने ओणवा होऊन आत हात घालून दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबून राहिला, आणि मी, गुलखान आणि घरचे दोन नोकर मागून ढकलू लागलो. चाकं कुरकुरली आणि फिरली. काही पावलं गेलो असू, सुर्वेचा अंगठा घसरला. ट्रॅक्टर जागच्या जागी असा थांबला की आमच्या सगळ्यांच्या छात्या त्यावर आपटल्या. अबू राशिद सीटवरून मोठ्याने हसले. राशिदने सकाळपासून पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं असावं, कारण तो येरझाऱ्या थांबवून बघत राहिला.

"ऐसा नहीं," म्हातारे म्हणाले. "अमेरिकन साहब लकड़ी रखता था."

त्यांनी बागेतल्या खजुराकडे बोट दाखवलं. सुर्वेने सुकलेल्या झावळीचा दांडा मोडून आणला. म्हाताऱ्यांनी त्याचा वीतभर तुकडा करून घेतला आणि तो आडवा दोन्ही बटणांवर ठेवायला लावला. मग आपली काठी पायांच्या मधून खाली घालून त्या तुकड्यावर टेकवली आणि उजव्या हाताने, सगळा भार देऊन ती दाबली.

"यल्ला," ते म्हणाले.

आम्ही ढकललं. ट्रॅक्टर निघाला. त्यांनी काठी उचलली की तो थांबे, टेकवली की जाई. डाव्या हातात जोर नव्हता, तो त्यांनी नुसता स्टिअरिंगवर ठेवला होता आणि मी बाजूने चालत ते वळवत होतो. पण कुठे थांबायचं आणि कधी निघायचं हे त्यांच्या काठीत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की इतकी वर्षं बंद पडलेला ट्रॅक्टर ते आज पुन्हा चालवत होते.

शेडपुढे भुसभुशीत वाळू होती. पुढची चाकं रुतली. ढकलावं तर नाक आणखी खाली जाई. फळ्या शोधल्या, मिळाल्या नाहीत. अबू राशिदांनी काठीने भिंतीजवळच्या ढिगाकडे इशारा केला. मजलिसमधले, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतले, जुने गालिचे तिथे गुंडाळून पडले होते.

"बिछाओ."

"बाबा, वो कार्पेट..." राशिद म्हणाला.

"फेंकने वाला था ना तू? बिछाओ."

 बाह्या सरसावून राशिदने स्वतः एक गालिचा खांद्यावर घेतला आणि वाळूवर अंथरला. पुढचा अंथरायचा, त्यावरून न्यायचं, मागचा काढून पुन्हा पुढे टाकायचा, असं आम्ही गेटापर्यंत गेलो. ऊन कलायला लागलं होतं. सुर्वेचा शर्ट पाठीला चिकटला होता, गुलखान त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत जोर लावत होता, आणि राशिद, पांढराशुभ्र कंदुरा वाळूत माखलेला, आमच्यात खांदा लावून ढकलत होता. कुणीच आता हे लवकर व्हावं असं म्हणत नव्हतं. ते नीट व्हावं एवढंच सगळ्यांना हवं होतं.

गेटाच्या उंबऱ्यावर ट्रॅक्टर थांबला. पुढची चाकं बाहेर, मागची आत. आम्ही जोर लावला. हलेना. पुन्हा लावला.

"काय अडकलं रे?" सुर्वे धापा टाकत म्हणाला.

मी वाकून चाकं पाहिली. दगड नव्हता, गालिचा गुंडाळलेला नव्हता. मग वर पाहिलं. काठी उचललेली होती. अबू राशिद मान वळवून मागे बघत होते. पिवळी हिरवळ, रिकामी शेड, उघड्या खिडक्यांचं घर. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी सगळ्यांना म्हणालो, "थोडा आराम करो." नोकर खाली बसले. राशिद काही तरी विचारायला पुढे झाला, त्याने वडिलांकडे पाहिलं आणि तो परत आपल्या जागी, चाकाजवळ, जाऊन उभा राहिला.  माझ्या गावच्या घराला कुलूप लावून निघालो होतो तेव्हा मला असं थांबता आलं नव्हतं. बस सुटेल म्हणून मी पळत गेलो होतो.

मग काठी पुन्हा टेकली. "यल्ला," म्हातारे म्हणाले, या वेळी हळू.

बाहेर आल्यावर ट्रकच्या उतारावर चढवायचं होतं. तिथे त्यांना बसू देणं बरं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तेच उतरले, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अब तू पकड़." मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते गाडीकडे चालत गेले. गुलखानाने ट्रकच्या वायरने ट्रॅक्टर अगदी सावकाश वर घेतला. मी बाजूने चढत काठी दाबून धरली होती. वर पोहोचल्यावर मी काठी उचलली आणि ट्रॅक्टर जागेवर बसला. गुलखान खाली उतरून म्हणाला, "अच्छा चीज़ है. ब्रेक भी नहीं चाहिए इसको." त्या दिवशी कुणी मला पंडित म्हटलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

राशिदच्या नव्या व्हिलात त्याच रीतीने तो उतरवला आणि हिरवळीच्या कडेला ठेवला. वर्कशॉपमध्ये परतलो तेव्हा कासिमभाईंनी पाटापुढची उदबत्ती बदललेली होती.

इथे मला सांगायला हवं की तो ट्रॅक्टर मी कधीच सुरू करू शकलो नाही. नंतर इंजिन उघडलं, पण आतलं झिजलेलं सामान कुठे मिळालं नाही. दुसरं इंजिन बसवतो म्हटलं तर अबू राशिदांना ते मान्य नव्हतं. साहेबाने दिलं तेच हवं. अमेरिकेत असलेल्या ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्याच मॉडेलचा भाग यायचा. याची रुखरुख मला अजून आहे. म्हाताऱ्यांनी मात्र एकदाही विचारलं नाही.

त्यांनी दुसरंच काही केलं. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी वर्कशॉपमध्ये फोन आला. "तुम्हारे औजार का ईद कब है?" मी दिवस सांगितला. "तो उस दिन तुम लोग खाली है ना? आओ." गेलो तर ते काठी घेऊन सीटवर तयार. कडेला खजुराच्या दांड्याचा तोच तुकडा जपून ठेवलेला. मी आणि सुर्वेने त्यांना हिरवळीवरून एक फेरी मारून आणली. मग खजूर, कहवा, आणि निघताना सुर्वेच्या हातात मिठाईचा डबा, औजारांसाठी. पुढे हा रिवाजच पडला. आमची सकाळी पूजा, दुपारी श्रीखंड, आणि ऊन कललं की अबू राशिदांकडे ढकलायला. कासिमभाईही एकदा आले, आणि ढकलताना त्यांचीच कंबर धरली म्हणून परतीच्या वाटेवर अख्ख्या कोकणाचा उद्धार करत आले.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात म्हातारे गेले. मी मातीला जाऊन आलो. त्या वर्षी दसऱ्याला पूजा केली आणि हात धुऊन नुसता बसलो होतो. सुर्वेही कुठे जायचं नाव काढत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"उस्ताद," राशिद म्हणाला, "आज है ना?"

आम्ही गेलो. राशिद सीटवर बसला होता, वडिलांची काठी घेऊन. ती कशी टेकवायची ते त्याला जमेना, बटणं एकदम दाबली जाईनात आणि ट्रॅक्टर आचके देत होता. मी त्याचा हात धरून दाखवलं की जोर मनगटाचा लावायचा नाही, अंगाचा भार द्यायचा, वडील द्यायचे तसा. मग जमलं. आम्ही मागून खांदा लावला आणि हिरवळीवरून निघालो.

मध्यावर पोहोचल्यावर ट्रॅक्टर थांबला. आम्ही जोर लावला, हलला नाही. मी सुर्वेकडे पाहिलं. त्याने या वेळी काही विचारलं नाही. खांदा काढून तो सरळ उभा राहिला आणि मनगटाने कपाळ पुसत दुसरीकडे बघू लागला. मीही तसाच उभा राहिलो, राशिदने काठी पुन्हा टेकवेपर्यंत.